सरजाबाईचा आवाज

आमच्या खोलीचा एक कायदा होता. जो सुट्टीवर गावाकडं जाईल त्यानं खोलीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन यायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं आणि परतल्यावर सगळ्यांसमोर खरं ते सांगायचं. म्हातारी आजारी असेल तर आजारी, बैल मेला असेल तर मेला. निम्मी सुट्टी एसटीत जायची आणि बायकोची बोलणी खावी लागायची ती वेगळीच. पण कायदा म्हणजे कायदा.

खोली मस्कतच्या बाहेर, बांधकाम मजुरांच्या कॅम्पात होती. आम्ही सगळे नांदेड-लातूरकडचे. आधी सात होतो. सातवा मलप्पा, देगलूरकडचा. त्याचा बाप वारला तेव्हा घरच्यांनी त्याला कळवलं नाही. आपल्याकडं ही रीतच आहे. लांबच्या माणसाला मयताची खबर द्यायची नाही, पोराचा जीव तळमळतो, हातातली नोकरी टाकून येतो. अकरा महिने पत्रात 'बापू खुशाल आहेत' येत राहिलं आणि मलप्पा बापासाठी घेतलेल्या घड्याळाला रोज किल्ली देत राहिला. मग दुसऱ्या कॅम्पातला एक गाववाला सहज बोलून गेला. चौथ्या दिवशी मलप्पा इमारतीवरून पडला. पाय घसरला, असं कागदावर आहे. आम्ही कागद वाचला आणि गप्प बसलो. कायदा त्या आठवड्यातला.

तेव्हापासून पत्रातल्या 'सर्व खुशाल'वर आमचा कुणाचाच विश्वास उरला नव्हता. साहेबरावचा तर मुळीच नाही. साहेबराव रेणापूरचा, लोखंडी सळया बांधायच्या कामावर. बाप लहानपणीच गेलेला. घरी आई सरजाबाई आणि नवरा वारल्यापासून माहेरीच राहिलेली बहीण पंचशीला, एवढीच माणसं. आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, पंचशीला लिहायची. आणि सरजाबाईचं पत्र म्हणजे शिव्यांची माळ. पैसे उधळू नको, दाढी वाढवू नको, लग्नाचं काय ते एकदा बोल. साहेबराव ते मोठ्यानं वाचायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मग लागोपाठ तीन पत्रं आली आणि तिन्हींत एक शिवी नाही. 'माय बरी आहे. तू काळजी करू नको.' बस.

"माय गेली," साहेबराव म्हणाला. "मायनं सांगितलेलं पत्र असं नसतंय."

आम्ही परोपरीनं समजावलं. त्यानं आधी संध्याकाळचं जेवण सोडलं, मग सकाळचं. कामावर जायचा, येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा. कॅम्पातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आम्ही पाळ्या लावल्या. कुणी ना कुणी त्याच्याजवळ असायचंच, खाडा पडला तरी. सोबत्याच्या डोळ्यातलं पाणी आटताना बघणं फार वाईट असतं. माझी सुट्टी तेव्हाच आली.

"मारोती," तो मला म्हणाला, "गेली असंल तर गेली म्हनून सांग. असंल तर तिचा आवाज आन. दुसरं काई नको."

मी कोरी कॅसेट आणि खोलीतला टेप बॅगेत टाकला. मला स्वतःविषयी फार चांगलं वाटत होतं. मी मुखेडकडचा, जमीनवाल्या घरातला. साहेबराव बौद्ध. खोलीत हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. त्याचा आणि माझा पेला एक, ताट एक. मी हे चार लोकांत सांगायचोही, न विचारता. जो न विचारता सांगतो त्याच्यापासून सावध राहावं, हे मला फार उशिरा कळलं.

गावाकडं सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. तिसऱ्याच दिवशी मी लातूरला उतरलो. लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. पाट्यांवरचा रंग ताजा होता, कचेऱ्यांपुढं जीपगाड्या उभ्या होत्या आणि स्टँडवरच्या नळाला पाणी नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नळापुढं उभा एक म्हातारा मला म्हणाला, "जिल्हा दिला, आता पानी कुठल्या जिल्ह्यात मागावं?" मी हसलो. रेणापूरची गाडी दोन तासांनी मिळाली. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. वाटेत एका विहिरीत बाया दोर लावून उतरताना दिसल्या.

भीमनगरात साहेबरावचं घर लगेच सापडलं. आणि दारात सरजाबाई बसली होती. जिवंत, काटक, डोळ्यांत जरब. मी बॅग खाली ठेवली. मी साहेबरावच्या खोलीतला म्हटल्यावर ती उठली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"माझ्या लेकाच्या खोलीतलं लेकरू हायस व्हय तू? बस बाळा, बस. पंचशीला, पानी आन."

पंचशीला नुकतीच नदीवरून आली होती. कोरड्या पात्रात खड्डा खोदायचा, त्यात वाटी-वाटीनं पाणी झिरपतं, ते भरायचं. पहाटेपासून एक हंडा झाला होता. त्यातला तांब्या तिनं माझ्यापुढं धरला.

मी तांब्याकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं आणि म्हणालो, "ऱ्हाऊ द्या माय. आत्ताच स्टँडवर पिऊन आलो."

मी आपला कौतुकानं घर बघत होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, साहेबरावचा आखातात काढलेला फोटो. मग सरजाबाईनं विचारलं, "गाव कोनतं म्हनलात तुमी?"

मी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं.

"बरं पाटील," ती म्हणाली. "काय काम काढलंत?"

आत्ता बाळ होतो आणि एका दमात पाटील झालो. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी टेप काढला, बटण दाखवलं, साहेबराव जेवत नाही हे सांगितलं, तुम्ही इथं बोला म्हणालो. ती ऐकून घेत होती, पण मान नाही म्हणून हलत होती.

"माझा लेक तुमच्यासंगं जेवतो?"

"एका ताटात, माय."

"तिथं."

"हाव."

"आन इथं?"

तेव्हा मला कळलं. मी घाईघाईनं पंचशीलाच्या हातातला तांब्या मागितला. द्या, पितो, म्हणालो. तसं नव्हतं माय, पाणी कमी हाय म्हणून नको म्हणलो, म्हणालो. सरजाबाईनं तांब्या माझ्या हाताला लागू दिला नाही.

"आता पेलात तर ते पानी न्हाई, औषीद हाय. आमचं पानी औषदावानी नाक दाबून पेऊ नका."

तिनं तांब्या परत हंड्यात ओतला. पाणी सांडून राग दाखवायचीसुद्धा सोय त्या वर्षी कुणाला नव्हती. मी तासभर तिच्या विनवण्या केल्या. कॅसेट कोरीच राहिली.

पंचशीला मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी तिला आधी पत्रांचं विचारलं.

"शिव्या म्या गाळल्या," ती म्हणाली. "एवढ्या लांब एकटा असतोय, वाईट वाटंल म्हनून."

आणि मग तिनं मला एक गोष्ट सांगितली जी चार वर्षांत साहेबरावनं कधी सांगितली नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात सरजाबाई खडी फोडायच्या कामावर होती. कामावर दोन रांजण होते, एक सगळ्यांचा, एक यांचा. यांचा रांजण रिकामा झाला होता. नऊ-दहा वर्षांचा साहेबराव तापानं फणफणलेला, डोकं तिच्या मांडीवर. तिनं दुसऱ्या रांजणात तांब्या बुडवला. मुकादमानं तो रांजण सगळ्यांसमोर फोडला, आणि आमचं पाणी घालवलंस म्हणून बायांनी तिला मारलं. "दादाला समदं आठवतंय," पंचशीला म्हणाली. "तो बोलत न्हाई."

मी मुखेडला आलो ते दिवसभर मनात भांडत. मी चांगुलपणा केला, तिनं उलटा अर्थ घेतला, यात माझा काय दोष. मेलेला माणूस जिवंत होईल असा आवाज तिच्या गळ्यात आहे आणि ती एका तांब्यावर अडून बसली. मला तिचा राग आला होता. घरी आईपुढं सगळं ओकलो. माझी आई चतुराबाई ज्वारी पाखडत होती. ती हातातलं सूप खाली न ठेवता म्हणाली, "बरं केलंस न्हाई पेलास ते. तिकडलं तिकडं. इथं चार लोक बघत्यात."

तिला वाटलं, ती माझी बाजू घेतेय. आणि मी तिच्यापुढून उठलो. कारण त्या तांब्याकडं बघताना माझ्या मनात पाणी कमी आहे हे जेवढं होतं, तेवढीच माझी आई होती. घरी गेल्यावर ती विचारणार, कुठं खाल्लंस, कुठं प्यालास. मला उत्तर द्यावं लागणार. एवढ्या मोठ्या बाप्याला आईच्या प्रश्नाचं भय वाटलं, आणि घशाला कोरड पडलेली असताना मी तहान नाही म्हणालो. सरजाबाईनं उलटा अर्थ घेतला नव्हता. तिनं माझ्याआधी मला ओळखलं होतं.

तरी मी लगेच गेलो नाही. लाज वाटली की माणूस कामं काढतो. मी गोठा शाकारला. खोलीतल्या बाकीच्यांची घरं फिरलो, अहमदपूरकडं अण्णारावच्या, धर्माबादला ग्यानोबाच्या. धर्माबादला ग्यानोबाचं पत्र माझी वाट बघत होतं, कुणाच्या तरी हाती पाठवलेलं. 'साहेबराव आता कामावर जात नाही. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. काल मलप्पाच्या इमारतीकडं एकटाच चालत निघाला होता, अण्णारावनं धरून आणला. मारोती, आवाज घेऊन लवकर ये. आम्हाला आता झेपत नाही.' पत्र बारा दिवसांपूर्वीचं होतं. बारा दिवसांत काय झालं असेल ते मला माहीत नव्हतं. धर्माबादच्या स्टँडवर मी पत्र हातात धरून लोकांसमोर रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणापूर. सरजाबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती.

"पुन्ना कामून आलात, पाटील?"

"खरं सांगायला आलो, माय."

मी खाली बसलो आणि सांगितलं. स्टँडवर पाणी प्यालो नव्हतो. नळ कोरडा होता. पाणी कमी होतं म्हणून नको म्हणालो हे अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं काय ते. माझ्या आईचं नावसुद्धा घेतलं. ती काड्या मोडत राहिली.

"हे मला कशाला सांगता? मला ठावं हाय. माझ्या लेकाला ठावं न्हाई." तिनं काडीनं टेपाकडं दाखवलं. "त्याच्यात सांगा. आदी तुमी. मग मी."

मी तिला ग्यानोबाचं पत्र वाचून दाखवलं. तिचे हात थांबले. मी म्हणालो, "माय, त्याची अशी हालत हाय. तो आमच्याच जिवावर तग धरून हाय. माझ्याच तोंडून हे ऐकून त्याचं काय होईल?"

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझा लेक खऱ्यानं मरायचा न्हाई. मरंल तर लबाडीनं मरंल. लावा ते."

मी बटण दाबलं. चार-पाच मिनिटं बोललो. दोनदा अडखळलो. मग टेप तिच्यापुढं सरकवला. ती खोकली आणि बोलायला लागली. ती आणि तिचा लेक, मध्ये तिसरं कुणी नाही, असं बोलली. मला तिथं बसवेना. मी उठून कुडाशेजारी जाऊन उभा राहिलो. बोलणं संपल्यावर तिनं टेप माझ्या हातात दिला. त्या दिवशी तिनं मला पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

इथपर्यंत मी केलं ते सांगायला मला जड गेलं नाही. पुढचं जातं.

निघायच्या आदल्या दिवशी, घरी, भर दुपारी, मी कॅसेट टेपात घातली आणि माझं बोलणं पुसलं. सरजाबाईच्या खोकल्यापर्यंत. खोलीत पाच जण ऐकणार होते. मी खोलीतला समजूतदार माणूस होतो, भांडणं मिटवणारा. मी स्वतःला बजावलं की हे साहेबरावच्या जिवासाठीच आहे. आवाज त्याला मिळतोय ना, मग माझं रडगाणं कशाला. सबब सापडायला मला कधीच वेळ लागत नाही.

खोलीत पोचलो तेव्हा शुक्रवारची दुपार होती, सगळे घरी. साहेबराव होता. देवाची कृपा, म्हणून मी हात जोडले, पण त्याच्याकडं बघवेना. गालाची हाडं वर आली होती. त्यानं माझ्याकडं बघून काही विचारलंसुद्धा नाही.

"माय हाय," मी म्हणालो. "धडधाकट हाय. आवाज आणलाय."

ग्यानोबानं त्याला आधार देऊन बसवलं. सगळे भोवती बसले. मी बटण दाबलं. खोकला आला. साहेबरावचे डोळे मोठे झाले. मग सरजाबाई बोलली.

"साहेबा, ह्या मारोतीनं आत्ता सांगितलं ते ऐकलंस न्हवं?"

हे वाक्य कॅसेटवर आहे हे मला माहीत नव्हतं. मी कुडाशेजारी उभा होतो. पुसतानाही खोकल्याच्या पुढं ऐकायचं धाडस केलं नव्हतं.

साहेबरावनं हात पुढं करून टेप बंद केला. "काय सांगितलंस?"

मी म्हणालो, काही नाही, असंच, खुशाली. त्यानं कॅसेट मागं फिरवली. सुरुवातीपासून लावली. चार-पाच मिनिटं नुसती खरखर. खरखर संपली, खोकला आला, त्यानं पुन्हा बंद केलं.

"पुसलंय," तो म्हणाला. "हितं कायतरी होतं ते पुसलंय. तू गेलास तवा माय आजारी असंल. हा आवाज तवाचा. मंग ती गेली आन तुमी समदे मिळून..." त्यानं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. मलप्पा शेवटचे चार दिवस आमच्याकडं असाच बघायचा. मग तो उठून दाराकडं निघाला. अण्णाराव दारात आडवा झाला.

मी तेव्हा सांगितलं. टेपापुढं बोलणं सोपं होतं, तिथं माझ्याकडं बघणारं कुणी नव्हतं. इथं चार जोडी डोळे आणि साहेबरावची पाठ. तांब्या, हंडा, पाटील, माझी आई, सगळं. रांजणाचं मी ऐकलंय हेही. आणि पुसलं ते मीच, माझ्या लाजेपायी, हेही.

साहेबराव पाठमोराच ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "मग त्या पान्याचं काय केलं तिनं?"

"परत हंड्यात ओतलं."

"तुला काय म्हनली?"

"औषदावानी नाक दाबून पेऊ नका."

तो खाली बसला. जिथं होता तिथंच, दाराजवळ. "माय हाय," तो म्हणाला. "दुसरं कोन असं बोलंल. जित्ती हाय माय." आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ग्यानोबानं भात-वरण कालवून आणलं आणि त्याला भरवायला लागला. तो खात होता. रडत होता आणि खात होता. मी भिंतीला टेकून बघत होतो आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरत होता. वाटलं, आता सगळं मिटलं.

चार घास झाल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि टेप जवळ ओढला.

"मारोती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तू जरा भायेर जा. मला मायचं ऐकायचंय."

मी ग्यानोबाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. अण्णाराव दारातून बाजूला झाला, मला जायला वाट दिली, आणि मी बाहेर पडल्यावर त्यानं दार लावून घेतलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. पत्र्याच्या भिंतीतून सरजाबाईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "मुडद्या, मी जित्ती हाय आन तू मेल्यावानी पडलास व्हय? अन्नावर रुसतोस? भेट मला, तंगडंच मोडते तुजं." मग साहेबराव हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्याच्या मागोमाग बाकीचे हसले, पत्रं वाचताना हसायचे तसे, पोट धरून.

मी दार ठोठावलं नाही.